मास्तर सॅटेलाइटवर: टीव्हीवरच्या कॉलेजपासून एनपीटीईएलपर्यंत

आजचा भाग जरा लांब आहे. लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकत असाल तर दीडपट स्पीडवर लावा, माझी काही हरकत नाही. नाहीतरी आपली अख्खी पिढी लेक्चर्स दीडपट स्पीडवर ऐकूनच पास झालीय.

प्रश्न सोपा आहे. भारतात कॉलेजचं शिक्षण स्क्रीनवर कधी आलं? दहा जणांना विचारा, सात जण म्हणतील २०२०, लॉकडाऊन. दोन जण म्हणतील जिओ आलं तेव्हा, म्हणजे २०१६. एखादा जुना खोंड एनपीटीईएलचं नाव काढेल. खरं उत्तर आहे १५ ऑगस्ट १९८४. त्या दिवशी विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे आपल्या यूजीसीनं, दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' नावाचा कार्यक्रम सुरू केला. देशभराचा एकच वर्ग. आणि तो सुरू झाला तेव्हा 'हम लोग' सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. म्हणजे भारतात टीव्ही सिरियल आणि टीव्ही कॉलेज ही जवळपास जुळी भावंडं आहेत. त्यातलं एक फार मोठं झालं. कोणतं, ते सांगायला नको.

पण मला आधी १९८३ बद्दल बोलायचंय. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल.

पहिली गोष्ट महाराष्ट्रातली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी इंजिनिअर व्हायचं तर मोजकी सरकारी कॉलेजं, आणि तिथे नंबर नाही लागला तर मुलं कर्नाटकात डोनेशन भरून शिकायला जायची. परवानगी मिळाली आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, तालुक्याच्या ठिकाणी कॉलेजं उभी राहिली. माळरानावर तीन मजली बिल्डिंग, समोर संस्थापकांचा पुतळा, हे जे चित्र आपल्या ओळखीचं आहे त्याची सुरुवात इथली. इमारत दोन वर्षांत बांधता येते. लेथ मशीन विकत आणता येतं. थर्मोडायनॅमिक्स शिकवू शकणारा माणूस मात्र दोन वर्षांत तयार होत नाही, आणि झालाच तर तो तालुक्याला राहायला येईलच असं नाही. ही टंचाई तेव्हापासूनची आहे. आम्हाला एका सेमला शिकवायला आलेले सर स्वतः आदल्याच वर्षी पास झालेले होते. बिचारे आमच्याबरोबरच शिकत होते, एक चॅप्टर पुढे राहून.

दुसरी गोष्ट आकाशातली. ३० ऑगस्ट १९८३ ला अमेरिकेच्या 'चॅलेंजर' स्पेस शटलमधून आपला इन्सॅट-१बी वर गेला. आदल्या वर्षीचा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला. त्यात याचंही सोलर पॅनेल सुरुवातीला नीट उघडेना. शेवटी उघडलं. आणि देशाला पहिल्यांदा स्वतःचा असा उपग्रह मिळाला, जो श्रीनगर ते कन्याकुमारी एकच चित्र दाखवू शकत होता.

'स्वतःचा' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण याआधी एक प्रयोग उसन्या उपग्रहावर झाला होता. १९७५-७६ चा साइट. नासानं आपला एटीएस-६ उपग्रह एक वर्षासाठी वापरायला दिला आणि सहा राज्यांतल्या जवळपास २४०० गावांमध्ये टीव्ही पोचला. त्यातल्या कितीतरी गावांत धड वीज नव्हती. डिश अँटेना कशाचा, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीचा. गावकरी संध्याकाळी जमून शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम बघायचे. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवायचं प्रशिक्षण याच टीव्हीवरून दिलं गेलं. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमधून हे सगळं चालायचं आणि त्याचे संचालक होते प्रा. यशपाल. वर्ष संपलं, नासानं उपग्रह परत नेला, गावातले टीव्ही बंद. मालक दुसरा असला की असंच होतं. फुकटचं ॲप एक दिवस 'सर्व्हिस बंद होत आहे' असा मेल पाठवतं ना, त्याचा हा पंचाहत्तर सालचा अवतार.

महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. पण पुढच्या टप्प्यात आपण एकदम मध्यभागी येतो.

कारण १९८४ मध्ये यूजीसीच्या अध्यक्ष होत्या डॉ. माधुरी शहा. त्याआधी त्या मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. जिथे शिकायला येणाऱ्या मुलीला घरातून बाहेर पडायचीच अडचण असू शकते, अशा विद्यापीठाचा अनुभव असलेली व्यक्ती यूजीसीच्या खुर्चीत बसलेली असताना कॉलेज घरातल्या टीव्हीवर आणायचा निर्णय होतो, हे मला योगायोगापेक्षा जरा जास्त वाटतं. हे माझं मत, पुरावा नाही.

कार्यक्रम बनवायला देशात सुरुवातीला मोजकी केंद्रं निवडली. त्यातलं एक पुणे विद्यापीठात. जोडीला अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ, हैदराबादची इंग्रजी आणि परदेशी भाषांची संस्था, आणि दिल्लीचं जामिया. म्हणजे गणेशखिंडीच्या त्या झाडीत भारतातल्या पहिल्या काही एज्युकेशनल व्हिडिओ स्टुडिओंपैकी एक उभा राहिला. तुम्ही तिथून रोज बाइकवर जात असाल आणि पाटी कधी वाचलीही नसेल.

आता गंमत अशी की यूजीसीनं ठरवलं, कार्यक्रम सिलॅबसवर करायचे नाहीत.

हा निर्णय ऐकून आपल्याला धक्का बसतो. सिलॅबसबाहेरचं कोण बघणार? पण त्यांचा विचार समजून घ्या. शंभरहून जास्त विद्यापीठं, प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा, आणि चॅनेल एक. कुणाच्या सिलॅबसवर करायचं? मुंबईच्या की मदुराईच्या? शिवाय त्यांचं म्हणणं असं होतं की छोट्या गावातल्या मुलाला परीक्षेपुरतं तर कॉलेज देतंच, पण बाहेरच्या जगात विज्ञान कुठे चाललंय, इतिहासाकडे कसं बघतात, कविता कशी वाचतात, ही जी हवा मोठ्या शहरातल्या चांगल्या कॉलेजात आपोआप मिळते ती त्याला मिळत नाही. ती टीव्हीनं द्यायची. म्हणजे एका दुपारी पेंग्विन, दुसऱ्या दुपारी अणूची रचना, तिसऱ्या दुपारी मंदिरांचं स्थापत्य. आपल्याकडे पुरेसे कार्यक्रम तयार नव्हते म्हणून सुरुवातीला बरेचसे परदेशी कार्यक्रम काटछाट करून दाखवले.

कल्पना म्हणून मला हे आजही आवडतं. आज तुम्ही रात्री अडीच वाजता ब्लॅक होलचे व्हिडिओ बघता, ते याच जातीचं आहे. पण कार्यक्रम म्हणून त्याला तीन ठिकाणी ठेच लागली.

एक म्हणजे भाषा. कार्यक्रम इंग्रजीत. ज्या छोट्या गावातल्या मुलासाठी हा खटाटोप, नेमकं त्यालाच ते समजायला जड. अहो, बी.ए. पर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माजलगावच्या मुलीला इंग्रजीतली फाडफाड कॉमेंट्री दाखवायची आणि म्हणायचं ही हवा घे. हिंदी पुढे आली. मराठीच्या वाट्याला राष्ट्रीय प्रक्षेपणात फार काही येणं शक्यच नव्हतं. एका चॅनेलवर पंधरा भाषा बसवायच्या तरी कशा?

दुसरी, वेळ. प्रसारण दुपारी, आणि पुन्हा दुपारनंतर. कॉलेजात त्या वेळेला तास चालू. यूजीसीनं कॉलेजांना टीव्ही संच दिले, पण टाइमटेबलमध्ये त्यासाठी तास कोण ठेवणार? सेट महाग, म्हणून कुलूपबंद खोलीत, आणि किल्ली शिपायाकडे. घरी मात्र दुपारी टीव्ही लागायचा. त्यामुळे कॉलेजच्या पोरांसाठी केलेला कार्यक्रम आज्या, आया आणि शाळेतून लवकर आलेली लहान मुलं बघायची. तुमच्या आईवडिलांना विचारून बघा, त्यांच्यापैकी कुणीतरी ते पाहिलेलं असेल आणि त्यांना ते आठवतही असेल. कॉलेजमध्ये नव्हे, घरी.

तिसरी ठेच मला सगळ्यात मोठी वाटते. हात वर करता येत नव्हता. समजलं नाही तर थांबवता येत नव्हतं, मागे नेता येत नव्हतं. आपण पॉज बटणाला इतके सरावलोय की ते नसणं म्हणजे काय हे लक्षातच येत नाही. प्रसारण एकदा गेलं की गेलं.

नंतर १९८६ मध्ये तेच प्रा. यशपाल यूजीसीचे अध्यक्ष झाले, १९९३ मध्ये या सगळ्या स्टुडिओंना एकत्र बांधणारी कन्सॉर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन ही संस्था दिल्लीत झाली, २००० च्या २६ जानेवारीला 'ज्ञानदर्शन' नावाचं स्वतंत्र चॅनेलच आलं. २००३ मध्ये आयआयटीच्या लेक्चर्सचं चॅनेल आलं आणि त्याला नाव दिलं 'एकलव्य'. नाव कुणी सुचवलं माहीत नाही, पण जरा विचार करायचा ना! गुरू दिसतो पण शिकवत नाही, शिकल्यावर अंगठा जातो. इतक्या प्रामाणिकपणे कुणी आपल्या प्रॉडक्टचं वर्णन केलं नसेल.

सप्टेंबर २००४ मध्ये तर इस्रोनं फक्त शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला, एज्युसॅट. याचा पायलट प्रोजेक्ट इन्सॅट-३बी वर झाला आणि त्यात तीन विद्यापीठं होती: कर्नाटकातलं विश्वेश्वरय्या, मध्य प्रदेशातलं राजीव गांधी आणि नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. एज्युसॅटमध्ये कंट्रीवाइड क्लासरूमच्या दोन ठेचांवर मलमपट्टी होती. वेगवेगळ्या भागांसाठी वेगळे बीम, म्हणजे प्रादेशिक भाषा शक्य. आणि दुतर्फा टर्मिनल, म्हणजे हात वर करता येणार. कागदावर झकास. पण वर उपग्रह तयार आणि खाली टर्मिनल बसलेले नाहीत, कुठे टर्मिनल आहेत तर कार्यक्रम नाहीत, बॅटऱ्या गेलेल्या. २०१० मध्ये उपग्रह निवृत्त झाला. पुढे कॅगनं याच्या वापरावर ताशेरे ओढले. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: सर्व्हर दणदणीत, क्लायंटच नाही.

आता एनपीटीईएल. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांनी एकदा मनातल्या मनात नमस्कार करून घ्या.

याची चर्चा १९९९ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत एमआयटीनं आपले कोर्स फुकट वेबवर टाकायची घोषणा केली २००१ मध्ये, त्याच्याही आधी. २००३ मध्ये केंद्र सरकारनं पैसे दिले आणि सात आयआयटी आणि बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स कामाला लागल्या. आयआयटी मद्रासचे तेव्हाचे संचालक प्रा. एम. एस. अनंत यांचा यात मोठा वाटा. १९८३ चा धागा इथे जुळतो. महाराष्ट्रात, कर्नाटकात, आंध्रात, तमिळनाडूत शेकडो कॉलेजं उभी राहिली होती आणि शिकवायला माणसं नव्हती. त्यामुळे इथे निर्णय बरोबर उलटा झाला: सिलॅबसच करायचा. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर या पाच शाखांचे मूळ विषय, एका विषयाची साधारण तासाभराची ४० लेक्चर्स. म्हणजे एक पूर्ण सेमिस्टर. ॲनिमेशन नाही, म्युझिक नाही. फळा, खडू, आणि एक प्राध्यापक जो मधेच खोकतो.

आणि हे चाललं! का चाललं? व्हिडिओ सुंदर होते म्हणून नाही. आठवून बघा, आवाज घुमायचा, फळ्यावरचं अर्धं दिसायचं नाही. चाललं कारण ते फाइल होतं. २००८ च्या सुमारास लेक्चर्स यूट्यूबवर आली, पण भारतात तेव्हा यूट्यूब बघणं म्हणजे बफरिंगचा गोल बघणं. म्हणून एनपीटीईएलनं कॉलेजांना अख्खा कंटेंट हार्ड डिस्कवर द्यायची सोय केली. ती डिस्क कॉलेजच्या सर्व्हरवर, तिथून हॉस्टेलच्या लॅनवर, तिथून पेनड्राइव्हवर. आमच्या वेळेपर्यंत इंटरनेट बरं झालं होतं, तरी सिनिअरकडून मिळणाऱ्या वारशात पिक्चरच्या फोल्डरशेजारी एनपीटीईएलचं फोल्डर असायचंच. सबमिशनच्या रात्री 'लेक्चर १७' शोधायचं, जिथे तो एकच डेरिव्हेशन आहे तिथपर्यंत ओढायचं, तीनदा बघायचं. आकाशातून एकदाच पडणारी गोष्ट खिशात ठेवता येणारी वस्तू झाली, आणि मागे नेता येऊ लागली. कंट्रीवाइड क्लासरूमची वेळेची ठेच अशी सुटली. उपग्रहानं जे जमलं नाही ते चार जीबीच्या पेनड्राइव्हनं केलं.

मधे एक 'आकाश' टॅबलेट येऊन गेला, ऑक्टोबर २०११. पस्तीस डॉलरचा टॅबलेट म्हणून जगभर गाजला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम. त्याबद्दल एवढंच म्हणेन की कल्पना चुकीची नव्हती, पाच वर्षं लवकर होती. स्वस्त स्मार्टफोननं तेच काम सरकारला न विचारता केलं.

राहिली भाषा. आणि इथे मला पवईचं एक काम सांगायचंय, ज्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ, त्यात प्राध्यापकाचं तोंड दिसत नाही, फक्त स्क्रीन आणि आवाज. लिनक्स, पायथन, लिबरऑफिस, सायलॅब असं मोफत सॉफ्टवेअर शिकवायचं. एका खिडकीत व्हिडिओ, शेजारच्या खिडकीत सॉफ्टवेअर, ऐकत ऐकत हातानं करायचं. युक्ती अशी की स्क्रीनवरचं इंग्रजी तसंच ठेवायचं, कारण नोकरीत मेनू इंग्रजीतच असणार, आणि फक्त आवाज बदलायचा. मराठी, कन्नड, आसामी, अशा २२ भाषांत.

हे वाटतं तितकं सोपं नाही. व्हिडिओ तोच ठेवून आवाज बदलायचा म्हणजे कर्सर जिथे जाईल तिथे वाक्यही पोचलं पाहिजे. त्यासाठी सेकंदांच्या हिशोबानं स्क्रिप्ट लिहितात. आणि रेकॉर्ड करण्याआधी ती स्क्रिप्ट विषयाचा गंधही नसलेल्या माणसाकडून तपासून घेतात. त्याला जमलं तर पुढे, नाही जमलं तर स्क्रिप्ट चुकली, माणूस नाही. माझ्या आजवरच्या नोकऱ्यांमध्ये डॉक्युमेंटेशनला हा नियम लावला असता तर निम्मी पानं फेकावी लागली असती. जाता जाता: इंग्रजीत 'क्लिक' आधी येतं आणि कशावर ते नंतर, मराठीत 'फाइल मेनूवर' आधी आणि 'क्लिक करा' नंतर. म्हणजे आधी ऑब्जेक्ट, मग मेथड. आपली भाषा जन्मतःच ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे, कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

हा प्रकल्प चालला त्याचं अजून एक कारण: तो मुलाला एकटं सोडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये वर्कशॉप होतं, तिथे एक समन्वयक असतो, अडलं तर बघतो. व्हिडिओ ऑफलाइन चालतो. म्हणजे तिसरी ठेच, हात वर करायची, ती टेक्नॉलॉजीनं नाही तर खोलीत एक माणूस ठेवून सोडवली.

याच्यापुढचं तुम्हाला माहीत आहे. २०१४ पासून एनपीटीईएलनं परीक्षा सुरू केल्या. शिकणं फुकट, परीक्षेला पैसे, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायची. मार्कांत २५ टक्के असाइनमेंट, ७५ टक्के परीक्षा. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला असाइनमेंटची उत्तरं फिरतात, म्हणून ते ७५ टक्के केंद्रावर आहेत. ९ जुलै २०१७ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी 'स्वयं' पोर्टलचं उद्घाटन केलं. आधी २०१६ च्या नियमानं एका सेमिस्टरच्या २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयंवरच्या कोर्समधून घेता येत होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्के झाली.

या ४० टक्क्यांवर मला थांबायचंय. इतकी वर्षं आपण म्हणत होतो की स्क्रीन ही शिक्षकाला पूरक आहे. एनपीटीईएलच्या सुरुवातीच्या कागदांतही पूरक असाच सूर होता. पूरक गोष्टीला जेव्हा डिग्रीतला हिस्सा मिळतो तेव्हा कॉलेजचा अकाउंटंट वेगळा विचार करायला लागतो. एखादा इलेक्टिव्ह शिकवायला माणूस नेमायचा, की मुलांना सांगायचं 'स्वयंवरून करा'? तासिका तत्त्वावर शिकवणारे सर-मॅडम तुमच्याही कॉलेजात असतील. पदभरती वर्षानुवर्षं रखडलेली आहे. लिंक पाठवणं जाहिरात काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि ज्या कॉलेजात शिक्षक आधीच कमी, तिथेच लिंक जास्त पाठवल्या जाणार. पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजात मुलाला सर पण मिळतील आणि स्वयं पण. तालुक्याच्या मुलीला फक्त लिंक. १९८४ मध्ये ज्या मुलीसाठी हा सगळा खेळ सुरू केला होता, तिच्याबद्दल बोलतोय मी.

कोविडनं याची झलक दाखवली. शिकवणं मीटवर गेलं, ठीक, पण खरा गोंधळ परीक्षेचा झाला. अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोत असं महाराष्ट्र सरकारचं म्हणणं, घ्याच असं यूजीसीचं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला की परीक्षेशिवाय डिग्री देता येणार नाही. मग बऱ्याच ठिकाणी घरबसल्या एमसीक्यू. त्या बॅचला पुढे इंटरव्ह्यूत 'अच्छा, कोविड बॅच का' असं हसून विचारलं गेलं. मी स्वतः अशा इंटरव्ह्यू पॅनेलवर बसलोय, आणि ते हसू ऐकलंय. त्या मुलांनी लेक्चर झाडावर चढून नेटवर्क पकडून ऐकली असतील, याचा कुठल्याच मार्कशीटवर कॉलम नाही.

पुण्याच्या त्या स्टुडिओचं काय झालं, हे काही जणांच्या मनात असेल. तो चालू आहे. कन्सॉर्शियम आता स्वयंवर बिगर-तांत्रिक पदवी कोर्सची जबाबदारी सांभाळतं, आणि पुण्याचं केंद्र त्यासाठी कोर्स बनवतं. लेक्चर शूट करणारा कॅमेरा बदललाय. पॉज बटण आलंय, सबटायटल्स आलेत, एनपीटीईएलच्या बऱ्याच लेक्चर्सची मराठी भाषांतरंही आलीत. २०२१ पासून एआयसीटीईनं मराठीतून बीटेक करायलाही परवानगी दिली. त्या वर्गात बसलेल्या कुणी हा भाग ऐकत असेल तर मला मेसेज करा, तुमच्याशी बोलायचंय: व्हायवा मराठीत होतो का, आणि परीक्षक बाहेरून आले तर काय करता?

पुढच्या भागात नाशिकला जाऊ. १९८९, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, आणि राम ताकवले. तोपर्यंत, तुमच्या आईला विचारा दुपारी दूरदर्शनवर काय बघायची ते.